पाळणे बघायला गेलो तो भाद्रपद

स्वतःच्या तोंडून गेलेला होकार तुम्ही कधी परत मागितला आहे का? मागायला गेलात तर तो कुठल्या खिडकीवर मिळतो, कोणत्या कागदावर, याची काही कल्पना आहे?

गणपती जाऊन आठवडा झाला की मला हा प्रश्न पडतोच. आज सकाळी सड्यावर गेले तेव्हा तो पुन्हा समोर उभा राहिला. सडा म्हणजे आमच्या गावाच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. एप्रिलात त्यावर चप्पल घालूनही चालवत नाही. पण भाद्रपदात, पाऊस दमून दोन-दोन दिवस दडी मारायला लागला की, त्याच दगडावर बोटभर मातीत पिवळी सोनकी उगवते, सीतेच्या आसवांचा जांभळा थर पसरतो, आणि टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी गेंदं हजारांनी डुलत असतात. गेंदं उभ्याने दिसत नाहीत, त्यांच्यासाठी खाली बसावं लागतं. खळग्यांत पाणी साठलेलं असतं, त्यात बेडकांची पिल्लं आणि कडेला म्हशी. भात पिकतं खालच्या मळ्यांत, पण त्याचा वास वर सड्यापर्यंत येतो.

सरकारी कागदात या जागेला पडीक म्हणतात. ज्याने हा शब्द लिहिला तो इथे भाद्रपदात आला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगते. सडा पावसाळाभर पाणी पितो आणि मे महिन्यापर्यंत ते पायथ्याच्या झऱ्याला थोडं थोडं सोडत राहतो. खालच्या दोन वाड्या त्या झऱ्यावर पाणी भरतात, त्याच पाण्यावर उन्हाळी भात घेतात. आमचं पाणी दगडाच्या भोकांतून येतं. भोकं बुजवली की ते संपलं.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत ती बुजवायचं ठरलं. एका कंपनीला सड्यावर मनोरंजन-नगरी हवी होती. गणपतीच्या तोंडावर घरोघरी गुळगुळीत कागदाची रंगीत पत्रकं आली. त्यांत सडा हिरव्या गालिच्यासारखा आणि त्यावर आकाशात गाठी मारत गेलेला रोलर कोस्टर. ‘सर्वांत उंच वळणावरून समुद्र पाहा.’ समुद्र आम्हाला तसाही दिसतो, पण ते पत्रक बनवणाऱ्याला माहीत नसावं.

पत्रकांशी माझं जुनं नातं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि आयुष्यभर कसल्या ना कसल्या लढ्याची पत्रकं लिहीत, छापून आणत, वाटत आले. आमच्या घरी शाळेच्या पुस्तकांना पत्रकांची कव्हरं असत, डब्यातल्या घावण्यांखाली पत्रक असे. मी जोडाक्षरं वाचायला शिकले ती ‘धिक्कार’ आणि ‘संघर्ष’ यांवर. तेव्हा गुळगुळीत कागद पाहिल्यावर मी पेन उघडलं यात नवल नाही. पण मी लिहीपर्यंत गाव होकार देऊन मोकळं झालं होतं. आणि त्या होकारात माझाही आवाज होता.

झालं असं. चाकरमानी गावात असतात तोवर उरकावी म्हणून ग्रामसभा गणपतीच्या पाचव्या दिवशी देवळातच ठेवली. आमच्याकडे देवळात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मानकरी उभा राहून देवाला सांगणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली सगळी माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. यात विचार करायचा नसतो. आईच्या कडेवर असल्यापासून म्हणत आलेलं असतं ते, शिंक आल्यासारखं येतं.

त्या दिवशी तात्या उभे राहिले. तात्या आमचे मानकरी, ऐंशीला टेकलेले, आवाज अजून ढोलासारखा.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत, तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जी पोटासाठी मुंबैक गेली, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि सड्यार जो पाळण्यांचो बाग येवचो आसा, तेच्यात काय आडमोडा आसात तर तो दूर कर, आणि ता काम तडीक ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

देऊळ दणाणलं. मी म्हणाले, बाबा म्हणाले, सड्यावर म्हशी चारणारा म्हातारा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. पुढे घरपट्टी, दिवाबत्ती, गटार असे विषय झाले, प्रसाद वाटला, माणसं आरतीला पळाली. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त बघितलं तर त्यात लिहिलेलं: ‘सडा येथील प्रकल्पास उपस्थित ग्रामस्थांनी एकमुखाने होकार दिला.’ खाली हजेरीच्या सह्या. माझी सही चौथी.

रागाने माझे कान गरम झाले. राग लिहिणाऱ्याचा होता, तसा स्वतःचाही होता. त्या रागातच मी पत्रक लिहिलं. श्रीमंतांच्या पोकळ करमणुकीसाठी गरिबाचं पाणी, वगैरे. ‘पोकळ’ हा शब्द तीनदा आला होता. शंभर प्रती काढून मी वैजूकडे गेले.

वैजू, म्हणजे वैजयंती, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. ती शाळेची व्हॅन चालवते. आमची वाडी, मसुरे, मालवण आणि परत. गाडी ती सड्यावरच शिकली. तिच्या व्हॅनमधून मुलांच्या हाती पत्रक दिलं की अर्ध्या तासात दहा वाड्यांत जातं, असा माझा हिशेब. वैजूने बॉनेटवर बसून पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि परत दिलं.

“मी नाय वाटूचंय.”

“कित्याक?”

“माका बाग होयो आसा म्हणान.”

मी तिला झऱ्याची आठवण करून दिली. वैजूचं घर खालच्या वाडीत आहे, त्याच झऱ्याच्या पाण्यावर. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पाणी नळान येतला. पण माझो भाव मुंबैसून परत येयत तो कोणाच्या नळान? थंय चौघांच्या खोलीत नऊ जाणां ऱ्हवतत. बाग झालो तर तो हयसर काम करीत. आणि दुसरा सांगतंय, माका पाळणे आवाडतत. आंगणेवाडीच्या जत्रेत मी पाळण्यात बसतंय तेव्हा तू खंय आसतंस? खाजा खायत उभी आसतंस. तू बसलंस काय कधी असल्या पाळण्यात?”

“नाही.”

“मगे ‘पोकळ’ कशार्सून लिवलंस गो, पत्रकवाले?”

हा प्रश्न बाबांनी मला कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, बसून बघते. तेव्हा शाळांना गणपतीची सुट्टी अजून चार दिवस होती. वैजूने व्हॅनच्या मागच्या सीटवर दोन गाद्या टाकल्या, तिच्या आईने डबाभर उरलेल्या नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाळणे बघायला निघालो. काचेवर मुलांनी चिकटवलेले वाघ आणि फुलपाखरं, आत पेन्सिलींचा नि शिळ्या डब्यांचा वास. फोंडा घाटात ढग खिडकीतून आत आले. मी पंचवीस वर्षांची होते आणि लढ्याशिवाय दुसऱ्या कशासाठी मी घाट चढल्याचं मला आठवत नव्हतं.

त्या चार दिवसांत आम्ही तीन बागा केल्या. नावं लिहीत नाही, त्यांची जाहिरात मला करायची नाही आणि बदनामीही. हंगाम नव्हता. पावसात सारख्या भिजणाऱ्या डांबराचा वास, मक्याच्या कणसांचा धूर, रिकाम्या रांगांचे वळणावळणाचे कठडे, आणि मोकळ्या मैदानात कुणासाठीच नसलेलं संगीत. पहिल्या बागेतल्या कोस्टरवर आम्ही दोघी आणि एक नवं जोडपं, बस्स. दांडा छातीवर आला. गाडी टकटक करत वर चढायला लागली, अगदी आमच्या विहिरीच्या रहाटासारखा आवाज. माथ्यावर ती क्षणभर थांबली. खाली उसाची शेतं होती, एका घरावर वाळत घातलेली लाल चादर होती, आणि ती चादर एवढी स्पष्ट का दिसते आहे असा विचार मनात येतोय तोवर जमीन गेली.

मी ओरडले. घोषणा मी लहानपणापासून देते, पण ओरडले नव्हते कधी. घोषणेत शब्द असतात, यात नव्हते. गाडी उलटी झाली, पोट कुठेतरी मागे राहिलं, तोंडात पावसाचे थेंब टाचण्यांसारखे घुसले, आणि खाली येऊन थांबलो तेव्हा मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“रडतंस काय हसतंस?” वैजू.

“पुन्हा बसूया.”

“अगो, पण पोकळ आसा ना ता?”

“गप बस. चल.”

पाच वेळा बसलो. पाचव्या वेळी मी दांड्यावरचे हात सोडले.

त्या संध्याकाळी मला स्वतःची लाज वाटली, आणि कोस्टरवर बसल्याची नव्हे. न बसता लिहिल्याची. आम्हा पत्रकवाल्यांची ही खोड आहे. जे वाचवायचं त्याच्यावर प्रेम करायला आम्ही शिकतो, पण समोरचा ज्या गोष्टीसाठी हट्ट धरतो तिची चव घेऊन बघत नाही. मग आमचं पत्रक आमच्याच माणसांना पटत नाही, आणि आम्ही म्हणतो, लोक झोपलेत. वैजू झोपलेली नव्हती. तिला भाऊ परत हवा होता आणि वाऱ्यावर उलटं व्हायचं होतं. या दोन्ही मागण्या माझ्या कुठल्याही मागणीइतक्या खऱ्या होत्या.

म्हणून मी सडा सोडून दिला असं समजू नका. दुसऱ्या बागेत धो धो पाऊस लागला, सगळे पाळणे बंद, आणि आम्ही दुपारभर व्हॅनमध्ये बसून नेवऱ्या खात भांडलो. मी म्हणाले, पाळणा कुठेही उभा राहतो, झरा नाही. ती म्हणाली, मग कुठे उभा करायचा ते सांग, नुसतं नको नको काय करतेस. मी म्हणाले, महामार्गालगत कितीतरी उघडी जमीन पडली आहे. ती म्हणाली, थंयसून समुद्र दिसना नाय. मी म्हणाले, तुला कोस्टरवर डोळे उघडे ठेवता येतात का? यावर ती एवढी हसली की नेवरीचं सारण स्टिअरिंगवर सांडलं. त्या भांडणात कुणी जिंकलं नाही. काचा आतून धुरकट झाल्या होत्या आणि वैजूने बोटाने त्यावर कोस्टरची रेघ काढली, आणि खाली झरा काढला.

तिसऱ्या बागेत एक बाई भेटली. भेटली म्हणजे, ती पाळणा चालवत होती. तिशीची, निळा रेनकोट, गळ्यात शिट्टी, बोलण्यात सोलापूरकडचा हेल. आमच्याबरोबर कॉलेजच्या पोरापोरींची एक सहल होती, त्यामुळे गाडी भरलेली. बाईने एकेकाचा दांडा खाली ओढून पाहिला, मग मोठ्याने विचारलं, “सगळे तयार?”

“होऽऽ!” अख्खी गाडी ओरडली. आम्हीसुद्धा.

बाईने बटणाला हात लावला नाही. “असं नाय चालत. पहिल्या रांगेपासनं एकेकानं हात वर करा आणि स्वतःचं सांगा. तयार हाय का नाय.”

“अहो मॅडम, सगळे तयार आहेत! सोडा गाडी!” मागून एकजण.

“तू तुझं सांग. एका आवाजात कोण गप्प बसलंय, मला कळत नाय.”

मग एकेक हात वर जायला लागला. हो. हो. तयार. चौथ्या रांगेतली एक मुलगी हातच वर करेना. मैत्रिणींनी कोपराने ढोसलं. ती हळूच म्हणाली, “मला उतरायचंय.” होऽऽ म्हणताना तिचंही तोंड उघडं होतं, मी पाहिलं होतं. बाईने तिचा दांडा उघडला, तिला बाजूच्या बाकावर बसवलं, परत आली, आणि राहिलेल्यांचे हात बघत पुढे सरकली. कुणी वैतागलं, कुणी घड्याळ दाखवलं. तिला त्याचं काही नव्हतं.

मी वैजूकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

“गाऱ्हाणा,” ती म्हणाली. तेवढ्यात गाडी सुटली.

पाच मिनिटांच्या मजेसाठी अनोळखी बाई प्रत्येकाला वेगळं विचारते. आणि शंभर पिढ्यांचं पाणी ज्यात आहे तो सडा द्यायचा, तर आमचा देवापुढचा आवाज उचलून कागदावर चिकटवतात! मी उलटी लटकलेली होते आणि तेव्हा मला माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य सापडलं: ‘आम्हाला पाळणे आवडतात.’

घरी आल्यावर ते वाक्य बाबांना खुपलं. “अशी सुरुवात करतात? शत्रूच्या बाजूने?” मी म्हटलं, “बाबा, वैजू शत्रू नाही.” ते चष्मा पुसत बसले. “मी असतो तर असं लिहिलं नसतं,” म्हणाले. आणि मग ओल्या शाईला हात लागू न देता प्रती मोजून बांधायला लागले.

होकार परत मिळवायचा तर अर्ज हवा होता, विशेष ग्रामसभेचा. त्यावर पहिली सही वैजूने केली. तिला बाग हवाच होता, तरी. मी विचारलं तर म्हणाली, “माझो हात मी वर करीन. दुसऱ्यान करूचो नाय.” दुसरी सही मागायला आम्ही तात्यांकडे गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत होते. ते वाक्य गाऱ्हाण्यात घाला म्हणून कुणी सांगितलं, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. अडकित्ता थांबला.

“सांगणारे सांगतत. लोकांच्या बऱ्यासाठी म्हणाले, मी घातलंय. पण चेडवा, मी देवाक सांगलंय. सरकाराक नाय सांगलंय. देवाकडचा बोलणा कागदार कोणी चढवला?” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “दी हडे ता पेन.”

विशेष सभा झाली ती भाताची कापणी तोंडावर असताना. देवळात नको, शाळेत घ्या, एवढा आमचा आग्रह होता. तात्या आले आणि दारातच म्हणाले, “आज गाऱ्हाणा नाय. आज जो तो आपापल्या तोंडान बोलात.” ग्रामसेवकाने एकेक नाव पुकारलं. बायका आधी नवऱ्यांकडे बघायच्या, मग पदर सावरून उभ्या राहायच्या आणि आपलं सांगायच्या. ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा तो म्हशीवाला म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, “नको. माझी म्हसरां पाणी खंय पितली?” वैजूचं नाव आलं. तिने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तिला बाग हवा आहे, भावासाठी हवा आहे, पण सडा सोडून दुसरीकडे जागा शोधत असाल तर ती स्वतः व्हॅन घेऊन जागा दाखवायला येईल. वाडीतल्या दोघी फिस्सकन हसल्या. ती हसली नाही.

तो जुना होकार त्या दिवशी रद्द झाला. इतिवृत्तात तशी ओळ आहे, मी ती बोट लावून वाचली आहे. पण नवा निर्णय झाला नाही. यादीतली निम्मी नावं पुकारली तेव्हा कुणी उभंच राहिलं नाही. ती माणसं गणपतीला आली होती, आरतीला सगळ्यांत वरच्या पट्टीत गायली होती, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या भरून मुंबईला गेली होती. नव्या निर्णयाला पुरेशी माणसं नाहीत, विषय पुढच्या सभेवर, असं सरपंचांनी जाहीर केलं. तेव्हापासून दरवर्षी हा विषय निघतो आणि दरवर्षी रिकाम्या नावांपाशी अडतो. सडा अजून आहे तो कुणी वाचवला म्हणून नाही, तो नुसता लांबणीवर पडला आहे. एखाद्या वर्षी त्या रिकाम्या नावांच्या जागी कुणीतरी ‘एकमुखाने’ असं लिहून टाकेल. लिहिणाऱ्याला अडवायला माणूस समोर लागतो.

वैजूचा भाऊ अजून त्या खोलीतच राहतो. ती अजून मला पत्रकवालीच म्हणते. पुढच्या सुट्टीत आणखी एका बागेत जायचं ठरलं आहे, तिथला कोस्टर म्हणे मागे तोंड करून सुटतो. मी जाणार आहे, आणि कुणी मला विचारलं की विरोधही करतेस आणि मजाही मारतेस, हे कसं, तर त्याला सांगणार आहे की विरोध मजेला नव्हताच. माझा विरोध न विचारण्याला आहे.

या वर्षी विषयपत्रिकेवर सडा पाचव्या क्रमांकावर आहे, दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत. तुम्ही आमच्या गावचे असाल, मुंबईत असाल, तर गणपतीला टाकली तशी अजून एक रजा टाका आणि या. बाजूने बोला, विरोधात बोला, वैजूसारखं दोन्ही बोला, पण आपलं नाव पुकारलं की उभे राहा. आणि आमच्या गावचे नसाल तरी तुमचं नाव कुठल्यातरी गावाच्या यादीत असेलच. तिथल्या सभेला जा. शेवटपर्यंत बसा. सही करण्याआधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि शेवटची ओळ वाचून होईपर्यंत कुणी कितीही आग्रह केला तरी चहाला उठू नका.